सुटे धान्य, बांधलेला ग्राहक

नवी मुंबईतील आपल्या साथींच्या एका बैठकीत अलीकडे एक छोटासा वाद झाला. तो उमेदवारीवरून नव्हता आणि ठरावाच्या शब्दांवरूनही नव्हता. एक तरुण कार्यकर्ती येताना चार रिकाम्या काचेच्या बरण्या आणि दोन कापडी पिशव्या घेऊन आली होती. बैठक आटोपली की नेरूळच्या एका ‘शून्य कचरा’ किराणा दुकानात जाऊन महिन्याची डाळ, पोहे आणि भांड्यांचा साबण भरून आणावयाचा तिचा बेत होता. एका ज्येष्ठ साथींनी हसत विचारले, “अगं, लोकांना रेशनवर तूरडाळ मिळत नाही, आणि तू बरणीतली डाळ आणायला निघालीस? ही थेरं श्रीमंतांची.” ती तितक्याच शांतपणे म्हणाली, “भाई, तुमच्या लहानपणी कोणती डाळ पुडक्यात येत होती?” सगळे हसले आणि वाद तेवढ्यावर मिटला.

माझ्या मते तो मिटावयास नको होता. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ही दोन अर्धी सत्ये एकत्र आणणे हेच आज आपल्यापुढील काम आहे. ज्येष्ठ साथींचे म्हणणे असे की, ज्या वस्तूचा भाव कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे तिच्याभोवती चळवळ उभी राहू शकत नाही. तरुण कार्यकर्तीचे म्हणणे असे की, जी पद्धत काल सर्वांची होती ती आज थोड्यांची झाली असेल, तर दोष पद्धतीचा नाही. मग तो कोणाचा, हा प्रश्न मात्र बैठकीत कोणी विचारला नाही. तो येथे विचारावयाचा आहे.

आधी या दुकानांविषयी न्यायाने बोलू. त्यांची रीत साधी आहे. डाळी, तांदूळ, पोहे, शेंगदाणे, मसाले मोठ्या डब्यांत भरलेले असतात. ग्राहकाने घरून भांडे आणावयाचे, रिकाम्या भांड्याचे वजन आधी करावयाचे, हवा तेवढाच माल घ्यावयाचा आणि तेवढ्याचेच पैसे द्यावयाचे. घरी येताना फेकून देण्याजोगे काही हाती उरत नाही. बर्लिनमध्ये २०१४ साली असे एक दुकान निघाले तेव्हा त्याची जगभर वार्ता झाली. तेव्हापासून ही कल्पना आपल्याकडील मोठ्या शहरांतही रुजू लागली आहे. त्यामागील तरुण मंडळींची कळकळ खरी असते. चंगळवादाच्या पुरात कोणी स्वतःच्या गरजेचे माप स्वतः ठरवू लागला, तर समाजवाद्याने त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. आपण खादी वापरली ती काही सूत महाग की स्वस्त एवढ्याच हिशेबाने नव्हे.

परंतु या दुकानांतील भावाची पाटी वाचली की खिसा चाचपावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. माल बहुधा सेंद्रिय म्हणून विकला जातो, उलाढाल थोडी असते, आणि सिडकोच्या वसाहतींतील गाळ्यांची भाडी काही थोडी नसतात. परिणामी तुर्भे स्टोअर्सच्या झोपडपट्टीतील घरकामगार बाई त्या दुकानाची पायरी चढत नाही. तिने कधी त्या दुकानाचे नावही ऐकलेले नसते. आणि तरीही गंमत अशी की, तिच्या घरातून निघणारा कचरा त्या दुकानाच्या नेहमीच्या ग्राहकाच्या घरातील कचऱ्याच्या मानाने किरकोळच असतो. जुनी बरणी फेकणे तिला परवडत नाही, तेलाचा डबा तिच्याकडे पाण्याचा होतो, आणि फाटलेली साडी गोधडीत जाते. गरिबाची काटकसर कोणी ‘जीवनशैली’ म्हणत नाही. सधनाने तीच केली की तिला इंग्रजी नाव मिळते आणि तिचे दुकान निघते.

आता त्या तरुण कार्यकर्तीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरात पुडके आले कधी आणि आणले कोणी? कोकणातल्या घरात भात कणगीत असे आणि पायलीने मोजला जाई. गिरणगावातल्या चाळीत महिन्याचा शिधा वाण्याकडून पिशवीत येई, तेल किटलीत येई, आणि थोडक्या वस्तू रद्दीच्या कागदाच्या पुडीत दोऱ्याने बांधून मिळत. त्या पुड्या आणि पिशव्या चिकटवणे हाही अनेक घरांतील बायकांचा पोटापाण्याचा उद्योग होता. यात नवल वाटण्यासारखे कोणाला काही दिसत नव्हते.

आणि हे केवळ खाजगी वाण्यापुरते नव्हते. मुंबईच्या मध्यमवयीन व वृद्ध वाचकांना आरेच्या दुधाच्या बाटल्या आठवत असतील. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि शासनाच्या दूध योजनेने शहरभर केंद्रे उघडली. पहाटे रिकामी धुतलेली बाटली द्यावयाची आणि रंगीत टोपणाची भरलेली बाटली घ्यावयाची, हा लाखो घरांचा नित्यक्रम होता. बाटली परत जाई, यंत्रावर धुतली जाई आणि पुन्हा भरून येई. आज ज्याला ‘पुनर्भरण व्यवस्था’ म्हणून गौरविले जाते ती शासनाने, सार्वजनिक क्षेत्रात, कामगारवस्तीतसुद्धा चालवून दाखविली होती. दूध पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीत आले, ते ग्राहकांनी मोर्चा काढून मागितले म्हणून नव्हे. बाटली गोळा करण्याचा, धुण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावरून उतरला आणि पिशवी विल्हेवाटीस लावण्याचा खर्च नगरपालिकेच्या, म्हणजे जनतेच्या, अंगावर पडला. नफा खाजगी आणि उकिरडा सार्वजनिक, ही विभागणी भांडवलशाहीला नवीन नाही. पुडक्याच्या रूपाने ती आपल्या स्वयंपाकघरात शिरली एवढेच.

नवी मुंबईला या कथेत एक खास स्थान आहे आणि ते आपल्याला अभिमानाचे नाही. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या कार्यकर्त्यांनी आणि कामगारांनी ग्राहकांची एक सहकारी संस्था काढली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. वाण्याच्या उधारीतून आणि काटामारीतून कामगाराच्या संसाराची सुटका करावी, हा तिचा हेतू होता. आपल्या विचाराची अनेक माणसे त्या संस्थेत राबली. पुढे १९९९ मध्ये, याच नेरूळमध्ये, अपना बाजारची एक शाखा फ्रँचायझीच्या पद्धतीने चालवावयास घेतली ती शेअर बाजारातील एक बडे गुंतवणूकदार राधाकिशन दमानी यांनी. सहकारी दुकानाचा तो साचा त्यांना पटला नाही. त्यांनी स्वतःची साखळी उभारली, तिचे पहिले दुकान २००२ साली पवईत निघाले, आणि आज ‘डी-मार्ट’ हे नाव महाराष्ट्रातील लहान गावांतही ठाऊक आहे. अपना बाजारची मात्र पीछेहाट होत गेली.

यात एका व्यक्तीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी व्यापाऱ्याचे काम केले आणि ते चोख केले. प्रश्न आपल्याला विचारावयाचा आहे. घाऊक खरेदी, कमी भाव आणि एका छपराखाली सर्व माल, ही शक्ती ग्राहकांच्या सहकाराने आधी ओळखली होती. तिचा उपयोग भांडवलाने अधिक दक्षतेने करून घेतला. आपण निवडणुका लढविल्या, ठराव केले, मोर्चे काढले, पण दुकानाच्या गल्ल्यावर आणि गोदामातील नोंदवहीवर रोज बसावे लागते हे कंटाळवाणे काम आपण हळूहळू सोडून दिले. भाव कमी करण्याचे श्रेय आज खाजगी साखळी दुकानांना मिळते. त्या भावाबरोबर प्रत्येक किलोला एक प्लॅस्टिकचे वेष्टन येते, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याची किंमत तो तेथे मोजत नाही.

ती किंमत कोठे मोजली जाते हे पाहावयाचे असेल तर तुर्भ्याला जावे. मुंबईच्या मशीद बंदर परिसरातील घाऊक बाजार १९८० नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलविण्यात आले. कृषि उत्पन्न बाजार समितीच्या धान्य आणि मसाला बाजारांतून महानगराच्या फार मोठ्या भागाला माल जातो. तेथे धान्य येते ते गोणीत. ती गोणी माथाडी कामगाराच्या पाठीवरून उतरते, त्या कामगाराच्या, ज्याने अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळविला. गोणी रिकामी झाली की झाडून, शिवून पुन्हा वापरात येते. तेथपर्यंतचा व्यवहार जवळजवळ शून्य कचऱ्याचाच आहे. परंतु बाजारातून बाहेर पडल्यावर तेच धान्य एकेका किलोच्या प्लॅस्टिकमध्ये शिरते, चार-पाच मैलांवरील घरात जाते, आणि आठवड्याभरात ते प्लॅस्टिक परत येते ते पुन्हा तुर्भ्यालाच, कारण शहराची क्षेपणभूमीही तुर्भ्यातच आहे. धान्य तुर्भ्याहून निघते आणि त्याचे वेष्टन तुर्भ्याला परत येते. मधल्या प्रवासात नफा कोणाचा झाला आणि दुर्गंधी कोणाच्या वाट्याला आली, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

हे शहर ज्या भूमीवर उभे आहे तिचाही येथे विसर पडू नये. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर नवे शहर आखले गेले. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकरी हुतात्मा झाले. ज्या कुटुंबांच्या कणग्या भाताने भरत होत्या त्यांची नातवंडे आज त्याच जमिनीवरील दुकानातून प्लॅस्टिकमध्ये बांधलेला तांदूळ विकत घेतात. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नवी मुंबईने २०२० आणि २०२३ मध्ये देशात तिसरा क्रमांक पटकावला. त्याचा आनंद आहेच. पण तो क्रमांक ज्यांच्या हातांनी मिळविला ते सफाई कामगार मोठ्या संख्येने कंत्राटी आहेत आणि समान कामाला समान वेतन मागत आले आहेत. शहर स्वच्छ दिसते याचा अर्थ कचरा निर्माण होत नाही असा नव्हे. तो उचलणारी माणसे आपल्याला दिसत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही, पण जे केले त्याचा रोख कोठे होता हे पाहण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि नाले तुंबविणाऱ्या पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. त्यानंतर पातळ पिशव्यांवर राज्यात निर्बंध आले. २३ मार्च २०१८ रोजी अधिक व्यापक प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंडवसुली सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि वर तीन महिन्यांचा कारावास. पण कारखान्यात उत्पादनाच्या टप्प्यावर होणाऱ्या वेष्टनाला मात्र सूट! म्हणजे पदपथावर बसून कोथिंबीर विकणाऱ्या बाईने पिशवी दिली तर तो गुन्हा, आणि बहुराष्ट्रीय कंपनीने बटाट्याच्या चार कापा हवा भरलेल्या चकचकीत पिशवीत विकल्या तर तो उद्योग. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल-वापर प्लॅस्टिकच्या बंदीतही कान काड्या, पेले, चमचे आणि नळ्या आल्या. पुडक्यांचे राज्य अबाधितच राहिले.

उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मान्य केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यासाठी तपशीलवार मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. पण ही जबाबदारी प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीने पार पाडता येते. कचरा उन्हात वेचणारी बाई त्या हिशेबात कोठेच उभी नसते. तिला किलोमागे काय मिळाले हे विचारणारा रकाना त्या कागदात नाही.

म्हणूनच ‘ग्राहकाने आपली बरणी घेऊन जावे’ एवढ्यावर थांबणारा विचार अपुरा आहे. तो खोटा नाही. पण गुन्हा कारखान्याच्या दारात घडतो आणि प्रायश्चित्त ग्राहकाने घ्यावे असे तो सुचवितो. आणि घरात हे प्रायश्चित्त कोण घेते? बरण्या धुवावयाच्या, वाळवावयाच्या, ओझे वाहून न्यावयाचे, घरी आणलेले धान्य निवडावयाचे, पाखडावयाचे, ही सर्व कामे आपल्या समाजात स्त्रीच्या वाट्याला येतात. नोकरी करून लोकलने परतणाऱ्या बाईने निवडलेल्या तांदळाचे पुडके घेतले तर तिने चंगळ केली असे म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे. तिने अर्धा तास विश्रांती विकत घेतली. पर्यावरणाच्या नावाने तो अर्धा तास तिच्याकडून काढून घेणारी क्रांती आपल्याला नको.

जुन्या वाण्याच्या दुकानाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्या दुकानात उधारीची वही होती, काट्याखालचे बोट होते, डाळीत लाखी डाळ आणि मिरचीपुडीत विटांचा भुगा होता. भेसळीविरुद्ध १९५४ साली कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या विषारी बियांचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने साठहून अधिक माणसे दगावली. सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आहेत त्यामागे असे अनुभव आहेत. वर्तमानपत्राच्या शाईच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास आता मनाई आहे, तीही योग्यच. पुडक्याने गिऱ्हाईकाला काही दिले असेल तर ते हे: छापील वजन, छापील किंमत आणि तक्रार करण्यासाठी एक पत्ता. ही हमी कायम ठेवून पुडके काढून टाकावयाचे आहे. आणि ही हमी खाजगी व्यापाऱ्याच्या सचोटीवर सोडता येत नाही. ती सार्वजनिक व्यवस्थेने आणि संघटित ग्राहकानेच द्यावी लागते. आपल्या विचाराची गरज नेमकी येथे आहे.

तेव्हा काय करावयाचे? माझ्यापुढे चार गोष्टी आहेत आणि त्यांपैकी एकीलाही मोठे भांडवल लागत नाही.

पहिली गोष्ट रेशन दुकानाची. नवी मुंबईतील सर्वात जुने आणि सर्वात मोठे ‘शून्य कचरा’ दुकान कोणते, असे मला कोणी विचारले तर मी कोणत्याही वसाहतीतील रास्त भाव दुकानाकडे बोट दाखवीन. तेथे धान्य येते ते मुख्यतः तागाच्या गोणीत, कारण १९८७ साली संसदेने कायदा करून ठराविक मालासाठी तागाची वेष्टने सक्तीची केली. तेथे गिऱ्हाईक स्वतःची पिशवी आणते, आणि धान्य काट्यावर मोजून दिले जाते. या दुकानाला कमी आहे ती प्रतिष्ठेची आणि मालाची. १९९७ मध्ये रेशनव्यवस्था लक्ष्याधारित केल्यावर मध्यमवर्ग तिच्या बाहेर पडला, आणि ज्या दुकानात शिक्षक, कारकून आणि कामगार एका रांगेत उभे राहत त्या दुकानाविषयी बोलणारे आवाज कमी झाले. अन्नसुरक्षा कायदा राबविताना शहरी कुटुंबासाठी वार्षिक ५९,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरविण्यात आली, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. या शहरात एवढ्यात खोलीचे भाडे तरी भागते काय? आपली मागणी अशी असली पाहिजे की, ही मर्यादा वास्तवाला धरून असावी, रेशनवर गहू-तांदळाबरोबर डाळ, साखर, मीठ, पोहे सुटे मिळावेत, धान्य स्वच्छ करून यावे, आणि दुकान कामावरून परतणाऱ्या बाईच्या वेळेला उघडे असावे. २०२२ च्या दिवाळीत शासनाने १०० रुपयांत चार जिन्नसांचा ‘आनंदाचा शिधा’ दिला तो पुढाऱ्यांच्या छब्यांच्या पिशव्यांत. शिधा स्वागतार्ह होता, पण रवा आणि साखर यांना छबीची गरज नसते. तोच माल वर्षभर सुटा मिळाला असता तर आनंद अधिक टिकला असता.

दुसरी गोष्ट सहकाराची. नवी मुंबईतील असंख्य इमारती या १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत. म्हणजे ज्या सहकारासाठी पूर्वसूरींना दारोदार फिरावे लागले तो येथे जिन्यावर नांदतो आहे. दुर्दैवाने तो गच्चीच्या गळतीवर आणि गाड्यांच्या जागेवर भांडण्यापुरताच उरला आहे. तीस-चाळीस कुटुंबांनी महिन्याची मागणी एकत्र करावी, तुर्भ्याच्या बाजारातून गोणी आणावी, आणि एका रविवारी जिन्याखाली काटा मांडून ती वाटून घ्यावी. यात अशक्य काय आहे? १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याच्या किराण्याची सामुदायिक खरेदी चालवून दाखविली, तीही दुकान न उघडता. निवडण्या-वाटण्याची मजुरी एखाद्या महिला बचत गटाला रीतसर द्यावी, म्हणजे ते काम कोणा एका गृहिणीच्या फुकट श्रमांवर पडणार नाही. असे वीस गट उभे राहिले तर त्या बरण्यांच्या दुकानातील माल आणि आपला माल यांत फरक राहील तो भावाचा, आणि तो आपल्या बाजूने.

तिसरी गोष्ट संघर्षाची. डॉ. लोहियांनी ‘दाम बांधा’ म्हणून आग्रह धरला होता आणि कारखान्यातील मालाची विक्री-किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी असे सूत्र मांडले होते. आज पुडक्यावर कमाल किंमत छापावी लागते, पण त्या किमतीत माल कितीचा आणि वेष्टन कितीचे हे छापले जात नाही. ते छापलेच पाहिजे, अशी मागणी आपण का करू नये? वेष्टनाची किंमत डोळ्यांसमोर आली की बचतीचा उपदेश करावा लागणार नाही. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि शिक्का असलेल्या धान्यावर व पिठावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, सुटा माल त्यातून वगळला गेला. आपण त्या कराला महागाई म्हणून विरोध केला, तो बरोबरच होता. पण ज्या साखळी दुकानात सुटा माल ठेवलेलाच नसतो तेथे ग्राहकाने ही सवलत घ्यावी कशी, हा पुढचा प्रश्न आपण विचारला नाही. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांनी २०३० पर्यंत विक्रीच्या जागेचा पाचवा हिस्सा सुट्या मालासाठी ठेवावा असे उद्दिष्ट घातले. फ्रान्स काही समाजवादी देश नव्हे. तेथील संसदेला जे सुचले ते आपल्या विधिमंडळाला आणि महापालिकेला सुचवावयास आपण आहोत.

चौथी गोष्ट कचरा वेचणाऱ्या भगिनींची. डॉ. बाबा आढावांच्या प्रेरणेने पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली आणि तिने महापालिकेबरोबर घरोघरच्या संकलनाचे काम हाती घेतले. स्त्री मुक्ती संघटनेने मुंबई परिसरात ‘परिसर विकास’च्या कार्यातून वेचक स्त्रियांना संघटित केले. ज्या दिवशी सुट्या मालाचे राज्य येईल त्या दिवशी या भगिनींच्या टोपलीतले प्लॅस्टिक कमी होईल. मग त्यांनी खावे काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय शून्य कचऱ्याचा कार्यक्रम मांडणे म्हणजे पुन्हा दुर्बळांच्याच पोटावर पाय देणे होय. बाटल्या आणि बरण्या गोळा करणे, धुणे, भरणे, वाटणे हा जो नवा उद्योग उभा राहील त्यात पहिला हक्क त्यांचा असला पाहिजे आणि त्यासाठी लागणारा पैसा वेष्टने करणाऱ्या कंपन्यांकडून आला पाहिजे. उत्पादकाची जबाबदारी म्हणतात ती हीच.

काही साथी म्हणतील की, बेकारी, महागाई, लोकशाहीवरील संकट असे प्रश्न समोर असता हा बरण्या-पिशव्यांचा प्रपंच कशाला? त्यांना १९७२ ची आठवण द्यावीशी वाटते. दुष्काळ आणि महागाई यांनी लोक हैराण झाले असता मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या. त्यांनी तेलाचे, साखरेचे आणि धान्याचे बोलणे केले, आणि शासनाला ते ऐकावे लागले. ज्या बाईला एरव्ही राजकारण परके वाटत होते तिला आपल्या स्वयंपाकघरातून राजकारणाची वाट सापडली. किराणा हा आपल्या चळवळीला कधीच क्षुद्र विषय नव्हता. आपण तो सोडला आणि त्याबरोबर त्या बाईचा दरवाजाही आपल्याला बंद झाला.

लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन आयुधे सांगितली. मतपेटीकडे आपले लक्ष असते. तुरुंगाची तयारी आपण अधूनमधून दाखवितो. फावडे मात्र गंजले आहे. जिन्याखाली मांडलेला वाटपाचा काटा हे आजच्या शहरातले फावडेच आहे.

त्या बैठकीतील दोघांनाही माझे एक सांगणे आहे. त्या तरुण कार्यकर्तीने बरण्या ठेवून देऊ नयेत. पण पुढच्या महिन्यात त्या बरण्या घेऊन तिने आपल्या वस्तीच्या रेशन दुकानासमोरील रांगेत उभे राहावे आणि डाळ मागावी. शिधापत्रिका नसेल तर ती का नाही, हे विचारावे. डाळ मिळणार नाही. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला तिने तीच मागणी करावयास सांगावे. आणि ज्येष्ठ साथींनी त्या वेळी घरी न थांबता रांगेशेजारी अर्जाचा कागद घेऊन उभे राहावे, कारण त्यांचे अक्षर चांगले आहे आणि पुरवठा कार्यालयाचा पत्ता त्यांना पाठ आहे. अर्जावर दोनशे सह्या झाल्या की पुढची बैठक नेरूळच्या त्या शून्य कचरा दुकानाविषयी नव्हे, आपल्या वस्तीतील रेशन दुकानाविषयी भरवू.